पुढच्या चाकांतली हवा

“पंधरा,” मेकॅनिक म्हणाला आणि पुढच्या चाकावरून हवेचा मीटर काढून त्याने खिशात टाकला. “मग भरा की,” मी म्हणालो. “बसलंय ते चाक. दिसत नाही का?” पन्नाशीचा माणूस, गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याच्या घरात शिरून त्याच्या आईला लठ्ठ म्हटलं. “बसलेलं नाही साहेब. हिची पुढची हवा पंधराच. मागे अठ्ठावीस. इंजीन मागे आहे ना, पुढे जास्त भरली तर वळणावर मागचा भाग सुटतो.” मी काही बोलायच्या आत त्याने दार उघडलं, डॅशबोर्डमधला कप्पा उघडला आणि झाकणाच्या आतल्या बाजूवर बोट ठेवलं. तिथे पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठी पत्र्याची पट्टी होती. पुढे १५, मागे २८. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, पुढच्या चाकांत जास्त हवा भरू नये. लाल रंग उडाला होता, पण अक्षरं ठोकलेली होती, ती जाण्यातली नव्हती. अडतीस वर्षांपूर्वी मी याच कप्प्यात, म्हणजे हिच्याच एखाद्या बहिणीच्या कप्प्यात, सिगारेटचं पाकीट आणि स्टॉपवॉच ठेवून दिवसभर गाडी चालवली होती. झाकण दहादा उघडलं असेल, दहादा मिटलं असेल. “काय झालं?” मेकॅनिकने विचारलं. काही नाही म्हणालो. त्या बंदिस्त गॅरेजमधला पॉलिशचा वास एकदम डोक्यात जायला लागला.

मी गाड्यांचा परीक्षक. म्हणजे होतो. एकतीस वर्षं एकाच मासिकात दर महिन्याला दोन गाड्या समोरासमोर उभ्या केल्या आणि शंभरपैकी गुण दिले. सीटला दहा, ब्रेकला पंधरा, रस्त्यावरच्या पकडीला वीस. हे काम माणसाला नासवतं. हळूहळू हॉटेलातल्या वेटरला, दवाखान्यातल्या डॉक्टरला, लग्नात भेटलेल्या नातेवाइकांना मनातल्या मनात गुण द्यायची सवय लागते. संसाराच्या अकराव्या वर्षी बायकोने बॅग भरली तेव्हा ती दारात थांबून म्हणाली, “तुम्ही माणसाकडे बघत नाही हो. तपासता.” वाक्य चांगलं होतं. मी त्याला तिथल्या तिथे दहापैकी आठ दिले. हे आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच दिले होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी मासिकाने मला पुन्हा बोलावलं, कारण त्यांना जुन्या गाड्यांचा खास अंक काढायचा होता आणि त्यात माझी सगळ्यांत गाजलेली तुलना पुन्हा करायची होती. त्याच दोन सलून गाड्या, तोच परीक्षक. सलून म्हटलं की आमच्या वाचकांना आधी न्हावी आठवायचा, पण आम्ही तो शब्द सोडला नाही. चार दारं, डोक्यावर टणक छप्पर आणि मागे बसणाऱ्यालाही आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लावणारी गाडी म्हणजे सलून. दोन्ही गाड्या आता एका दातांच्या डॉक्टरकडे आहेत. त्याने लोकांच्या दाढा काढून काढून त्या जमवल्या, सजवल्या आणि शेजारी शेजारी उभ्या केल्या. लोकांनी त्या काळी त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं पाडली होती. थोरली जुन्या कंपनीची, काळी, लांबलचक, क्रोमची जाळी दाखवत आल्यागेल्याला दरडावणारी. धाकटी नव्या कंपनीची, फिकट निळी, बुटकी, इंजीन मागे आणि सामान पुढे. तिच्या मागच्या चाकांचं सस्पेन्शन ज्या विभागात तयार झालं, त्या विभागाचा प्रमुख माझा दादा होता.

आता मला सगळं स्पष्ट आठवत होतं, जणू कोणीतरी आत दिवा लावला होता, आणि मला तो विझवता येत नव्हता. दादाची गाडी म्हणून मी तेव्हा दुप्पट कडक झालो होतो. नोकरीत जेमतेम कायम झालो होतो. भावाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून मी तुलनेचा असा बंदोबस्त केला की माझ्यावर कोणाला बोट ठेवता येऊ नये. दोघींना एकाच पंपावरचं पेट्रोल. दोघींत वाळूच्या सारख्याच वजनाच्या गोण्या. ड्रायव्हर एक, रस्ता एक. आणि हवासुद्धा सारखी. पंपावरच्या माणसाला मी स्वतः उभा राहून सांगितलं, आठही चाकांत अठ्ठावीस. “आठही?” असं त्याने विचारलंही होतं बहुतेक. मी म्हणालो, “आठही. इथे कोणाची आवडनिवड चालणार नाही.” केवढा अभिमान वाटला होता मला त्या क्षणी स्वतःचा. न्याय करायला निघालेल्या माणसाइतका मठ्ठ माणूस दुसरा नसेल. मग तलावामागच्या रस्त्यावर ते उतरतं डावं वळण. थोरली तिथून जड अंगाने, कण्हत, पण सरळ गेली. धाकटी वळणाच्या मध्यावर पोहोचली, मी स्टिअरिंग जरा आवळलं, आणि मागचा भाग सुटला. एखाद्याने पाठीमागून शर्ट धरून फिरवावं तसं तिने मला फिरवलं. गाडी थांबली तेव्हा आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून उभे होतो आणि शेजारचा फोटोग्राफर दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसला होता. भीती ओसरल्यावर मला काय झालं, तर आनंद झाला. वाक्य मिळालं होतं. “या गाडीच्या मागच्या चाकांना पुढच्यांच्या आधी घरी पोहोचायची घाई असते.” गाडीतून उतरायच्या आत ते माझ्या डोक्यात तयार होतं. थोरलीला एकाहत्तर, धाकटीला चोपन्न.

मेकॅनिकने दोन्ही गाड्या बाहेर काढल्या. डॉक्टर पांढरा कोट न काढताच दवाखान्यातून धावत आला होता, किल्ल्या माझ्या हातात ठेवून त्याने लगेच सोडल्या नाहीत. “जपून हं,” तो म्हणाला. “त्या वळणाचं तुम्हीच लिहिलं होतं, आम्ही कॉलेजात पाठ म्हणायचो.” आधी थोरली घेतली. अजून तशीच होती. दार बंद होताना तिजोरीसारखा आवाज, सोफ्यासारखी सलग सीट, स्टिअरिंगवरचा गिअर आणि बोनेट इतकं लांब की त्याचं दुसरं टोक आपल्या ताब्यात आहे यावर विश्वास बसू नये. स्टिअरिंग मात्र असं जड, की वळण आलं की आधी खांद्यांना कळवावं लागे. तेव्हा मी याला भारदस्तपणा म्हटलं होतं आणि गुण दिले होते. आज मला ती नुसती आडमुठी वाटली. सगळ्यांना आपल्या वेगाने चालायला लावणारी, आणि तरी मान मिळवणारी. अशी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या एकाची मी रोज सकाळी दाढी करतो. मग धाकटीत बसलो. मागून शिवणयंत्रासारखा टकटक आवाज, पायांपाशी तेलाचा उबट वास, दोन बोटांनी फिरणारं स्टिअरिंग. तलावामागचा रस्ता अजून आहे. त्या वळणावर जलवाहिनीचा पाझर तेव्हाही होता आणि आजही आहे. इतकी वर्षं गेली, पाझर कोणी बुजवला नाही, त्यामुळे वळण बारा महिने ओलं. मी मुद्दाम तेवढ्याच वेगाने गेलो. खरं सांगायचं तर मला ती फिरायला हवी होती. देवाशपथ, मी मनातून तिला म्हणत होतो, सूट, आता सूट. तिने मागे थोडी बैठक घेतली, जरा झुकली, आणि मग रस्त्याला अशी धरून राहिली की माझ्या हातांना काही कामच उरलं नाही. वळण संपलं. मी पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली, इंजीन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. वीसपैकी एकोणीस. मी तेव्हा सहा दिले होते.

अंक निघाला आणि ते वाक्य गावभर झालं. लोक धाकटीला उलटी म्हणायला लागले. सिग्नलला एखादी धाकटी थांबली की शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून विचारायचा, “कुठे निघालात, पुढे की मागे?” ज्यांनी गाडीसाठी नाव नोंदवलं होतं त्यांनी नाव काढून घेतलं. दीड वर्षात कंपनीने ती गाडी बंद केली. त्याआधी कंपनीचं पत्र आलं होतं, की चाचणीच्या वेळी हवा किती होती ते कळवावं. आमच्या तेव्हाच्या संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वर पंखा फिरत होता, त्यांनी पत्रावर चष्मा ठेवला होता. “कंपनीच्या पुस्तकात दिली आहे तेवढीच होती ना?” त्यांनी विचारलं, म्हणजे उत्तरच हातात दिलं. मी हो म्हणालो. त्यांनी पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा छापला. इथे मला स्वतःशी खोटं बोलायचं नाही, निदान आता. मला तेव्हा माहीत नव्हतं की मी चुकलोय. पण पुस्तकात काय आहे तेही मला माहीत नव्हतं. पुस्तक माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होतं, पिवळ्या कव्हरचं. मी ते काढून पाहू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वर्षी, कधीही. ऑफिस बदललं तेव्हा ते पुस्तक माझ्याबरोबर नव्या टेबलाच्या खणात आलं, निवृत्तीच्या दिवशी खोक्यातून घरी आलं, आणि आज पलंगाखाली आहे. मी ते एकदाही उघडलं नाही. न बघण्यासाठीसुद्धा माणसाला रोज थोडी थोडी मेहनत घ्यावी लागते, आणि मी ती न चुकता घेतली.

दादाने एकदाच विचारलं होतं. अंक येऊन आठवडा झाला होता, आम्ही दोघं आईकडे जेवायला गेलो होतो. मी बेसिनपाशी हात धूत होतो, तो मागे टॉवेल घेऊन उभा होता. “पुढची हवा किती होती रे?” मी आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, “पुस्तकात आहे तेवढी.” त्याने टॉवेल माझ्या हातात दिला. बस्. त्यानंतर त्याने कधीही तो विषय काढला नाही. गाडी बंद झाली, विभाग मोडला, दादा सदतिसाव्या वर्षी घरी बसला. दुसऱ्या कंपन्यांत गेला तर लोक त्याच्याकडे बघून हसायचे, उलटीवाले तुम्हीच का. शेवटी पाण्याच्या पंपांच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला आणि तिथेच म्हातारा झाला. वहिनी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायला लागली. कधी कुणाच्या घरच्या कार्याला आम्ही भेटायचो, तो माझ्या शेजारी बसायचा, पाऊसपाणी, तब्येत, आईचे गुडघे. त्याच्या त्या गप्प बसण्याला मी हार समजत आलो. माणूस चुकला, त्याला ते कळलं, आता वाद कशाला घालेल बिचारा, असं. मी त्याच्याशी मोठ्या मनाने वागायचो. त्याच्या मुलीच्या लग्नात मी माझी गाडी दिली होती सजवायला, काळी, लांब. आणि वर म्हणालो होतो, “आपल्याकडे भरवशाची गाडी असताना भाड्याची कशाला?” सगळे हसले होते. दादाही हसला होता. आता ते हसू आठवलं की तोंड कुठे लपवावं ते कळत नाही.

डॉक्टरच्या गॅरेजमधून मी सरळ दादाकडे गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या, स्वयंपाकघरात दादा पाना घेऊन नळाचा वॉशर बदलत होता, चौऱ्याहत्तराव्या वर्षी अर्धा सिंकमध्ये वाकलेला. वहिनी टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होती. मी चप्पलही नीट काढली नाही. “दादा, पुढची हवा अठ्ठावीस होती,” मी म्हणालो. त्याने मागे वळून पाहिलं नाही. पाना एक वेढा फिरला, मग आणखी एक. “माहीत आहे,” तो म्हणाला.

वहिनीने वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही, पण पान उलटायची थांबली.

“कधीपासून?”

“अंक आला त्या दिवसापासून. बेचाळिसाव्या पानावर फोटो होता. पंधरा पौंडांना पुढचं चाक खाली थोडं पसरतं. तुझं ताठ उभं होतं.” त्याने नळ सोडून पाहिला, बंद केला. “मी ते चाक चार वर्षं रोज बघत होतो. मला कळणार नाही?”

“मग बोलला का नाहीस?”

“विचारलं ना तुला. आईकडे.”

“चूक झाली होती रे माझी.”

“हवेची चूक कोणाचीही होते,” दादा म्हणाला. आता तो वळला होता, फडक्याने एकेक बोट पुसत होता. “आमच्या कारखान्यातल्या ड्रायव्हरने दोनदा केली होती, मी स्वतः एकदा केली. तू नुसतं म्हणाला असतास, दादा, बघितलं नाही, तर मी दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर तुझ्या संपादकांकडे आलो असतो. तुझी नोकरी जाऊ दिली नसती. पण तू म्हणालास, पुस्तकात आहे तेवढी. आरशात माझ्याकडे बघून म्हणालास. मला वाटलं, आज म्हणाला, उद्या येईल. वाट पाहिली. पाचसात वर्षं पाहिली, खोटं कशाला सांगू.”

“कंपनीच्या साहेबांनी यांना बोलावलं होतं,” वर्तमानपत्राआडून वहिनी म्हणाली. “तुमचा भाऊ काय म्हणतो, विचारलं. फोटो यांच्या बॅगेत होता, भाऊजी. वर्तुळ करून ठेवलं होतं चाकाभोवती. काढायचा आणि टेबलावर ठेवायचा, एवढंच होतं. पण साहेबांसमोर भावाला लबाड कसं म्हणायचं! घरी आले आणि दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत.” तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. “पाच जणांचे संसार गेले तरी चाललं यांना.”

“ते खरं आहे,” दादा म्हणाला. “ते माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही. आम्ही सहा जण होतो विभागात. त्या पाच जणांना मी कधी सांगितलं नाही. तुला लबाड म्हणणं भाग पडलं असतं. त्यांना आजही वाटतं, आपल्याच कामात खोट होती. आमचा स्प्रिंगांची गणितं करणारा होता ना, बुटका, सारखा शिंका देणारा, त्याने पुन्हा पेन्सिल हातात धरली नाही. हॉस्पिटलात भेटायला गेलो तर म्हणाला, सगळं पुन्हा करून पाहिलं, कुठे चुकलं ते सापडतच नाही. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नर्स आली, मी उठलो.”

“मी लिहितो,” मी म्हणालो. “सगळं लिहितो. हवा, पुस्तक, खोटं बोललो ते, सगळं.”

 दादाने फडकं ठेवलं, कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर उभ्या उभ्याच लिहायला लागला. नकाशे काढणाऱ्यांचं ते सरळ, सुटं सुटं अक्षर. सहा नावं, आडनावांसकट, प्रत्येकापुढे कोणी काय केलं ते दोन शब्दांत. स्वतःचं सगळ्यांत शेवटी. “ही घाल. माझं नाही घातलंस तरी चालेल, पण ही पाच घालच. यांच्या कामात खोट नव्हती, एवढं छापून आलं पाहिजे. आम्ही तिघं आहोत अजून. बाकीच्यांची मुलं आहेत. मी कळवून ठेवतो सगळ्यांना.”

“अंक येऊ दे, मग कळव.”

“अडतीस वर्षं कळवलं नाही,” तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्याने मला एकदम रडू आलं. मी रडलो, वहिनीच्या समोर, त्या ओल्या फरशीवर उभा राहून. दादाने मला खुर्चीत बसवलं आणि खांद्यावर हात ठेवून हळूच, जणू वहिनीला ऐकू जाऊ नये अशा बेताने, विचारलं, “वळणावर कशी वागली रे?” मी सांगितलं. तो हाताचा पंजा टेबलावर फिरवत माझ्याबरोबर त्या वळणावरून आला. “मागे जरा बसते, मग धरते?” “धरते.” “तेच,” तो म्हणाला. “तेच सगळं होतं त्यात.”

मी चार दिवस लिहीत होतो. सकाळी चहा घेऊन बसायचो ते दुपारचं ऊन टेबलावर येईपर्यंत. सांगायला संकोच वाटतो, पण ते चार दिवस सुखाचे गेले. इतकं चांगलं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. पंपावरचा माणूस, आठही चाकं, सुटलेली मागची बाजू, आरसा, टॉवेल, पलंगाखालचं पिवळं पुस्तक. ते पुस्तक मी शेवटी बाहेर काढलं, उघडलं आणि सतराव्या पानावर पंधराचा आकडा पाहिला, तेही लिहिलं. लिहिताना हुंदका यायचा आणि हुंदका येतो आहे म्हणजे परिच्छेद जमला, हेही कळायचं. शेवटच्या परिच्छेदात कॅलेंडरच्या पानावरची सहा नावं उतरवली, दादाने लिहिली होती तशीच. तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. हयात असलेल्या दोघांना कळवलं होतं, गेलेल्यांपैकी दोघांच्या मुलांनाही. एकाचा नातू परदेशातून अंक मागवणार होता. “स्प्रिंगवाल्याची बायको फोनवर काही बोललीच नाही,” दादा म्हणाला. “नुसतं नाव पुन्हा विचारलं मासिकाचं.”

सध्याची संपादिका तिशीची आहे, मला सर म्हणते. तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज भरून आलेला होता. “सर, मी ऑफिसात रडले. असं कोणी लिहीत नाही हो. फक्त एक. दोन्ही गाड्यांचे फोटो मोठे जायला हवेत, जाहिरातवाल्यांना कबूल केलंय. बारा ओळी जास्त होताहेत. मी नाही हात लावणार. तुम्हीच बघा ना कुठे कमी होतंय.” मी लेख समोर घेऊन बसलो. थोरलीच्या स्टिअरिंगवरच्या चार ओळी काढल्या, त्या सहज गेल्या. डॉक्टरचा कोट गेला, दोन ओळी. पाझराचा विनोद काढवेना, तो वाचून लोकांना श्वास घ्यायला जागा मिळत होती. टॉवेलचा प्रसंग काढणं शक्यच नव्हतं. पंपावरचा संवाद म्हणजे लेखाचा कणा. माझ्या खोटं बोलण्याच्या परिच्छेदातलं एकेक वाक्य मी बोटाने झाकून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य नसलं की कबुली थोडी कमी धाडसी वाटायची. सहा ओळी अजून हव्या होत्या. नावांचा परिच्छेद बरोबर सात ओळींचा होता. मी तो पुन्हा वाचला. वाचणाऱ्याला ही माणसं माहीत नाहीत, मी स्वतःला समजावलं. नुसती आडनावं वाचून त्याला काय वाटणार? उलट लेख शेवटी यादीत जाऊन अडकतो. वाचक म्हणून मला विचाराल तर शेवट पिवळ्या पुस्तकावर व्हायला हवा. मी सात ओळी काढल्या आणि त्यांच्या जागी एकच घातली, की या गाडीचं सस्पेन्शन ज्या कुशल तंत्रज्ञांनी तयार केलं त्या सर्वांची मी मनापासून क्षमा मागतो. कुशल हा शब्द मी नंतर घातला. ओळीत मावत होता.

अंक निघाला. पहिल्या आठवड्यात साठसत्तर पत्रं आली. प्रामाणिकपणा, धैर्य, मोठं मन. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने लेख वर्गात वाचून दाखवला म्हणे. डॉक्टरने लेख फ्रेम करून धाकटीच्या शेजारी टांगला. संपादिकेने विचारलं, दर महिन्याला असंच काही लिहाल का, जुन्या आठवणी, तुमच्या खास शैलीत. मी विचार करून सांगतो म्हणालो, पण शीर्षक सुचलं होतं. दादाकडे अंक पोस्टाने जाणार होता, मी म्हणालो, नको, मी नेतो.

मी गेलो तेव्हा दादा खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला होता, शर्टाला इस्त्री केलेली. टेबलावर फोन आणि पाच घरांच्या नंबरांचा कागद. त्याने चष्मा बदलला, अंक मांडीवर घेतला आणि वाचायला लागला. वहिनीने माझ्यापुढे चहा ठेवला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला साखर किती विचारली. दादा हळू वाचतो, ओळीखाली बोट सरकवत. पंपापाशी त्याने मान हलवली. टॉवेलपाशी थांबला, डोळे मिटले, पुन्हा उघडले. वळणावर त्याचा पंजा मांडीवरच जरा फिरला. मग तो शेवटच्या ओळीपर्यंत आला आणि त्याने पान उलटलं. मागे बॅटरीची जाहिरात होती. त्याने ती बघितली, पुढचं पान बघितलं, परत आला. लेखाच्या कडेला, फोटोंच्या खाली, बारीक अक्षरांत काही असतं तिथे त्याने चष्मा वर करून पाहिलं. फोटोग्राफरचं नाव होतं. मी चहाचा कप तोंडाला लावून ठेवला.

“आली का हो सगळ्यांची नावं?” वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं. “स्प्रिंगवाल्यांच्या बायकोचा फोन येऊन गेला सकाळी दोनदा.”

“थांब गं, बघतोय,” दादा म्हणाला. “मोठा लेख आहे. मध्येच कुठेतरी असतील, माझीच ओळ सुटली असेल.” त्याने रुमालाने चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवून पुन्हा वाचायला सुरुवात केली, आणि मी त्याला काही सांगितलं नाही.